हौसेला मोल असते

(तृतीय वर्ष, कला)

पहिल्या वर्षाला प्रवेश घेतल्यावर राष्ट्रीय सेवा योजनेचा अर्ज भरला, तेव्हाची गोष्ट. अर्जात शेवटून दुसरा रकाना 'छंद' असा होता. माझ्या पुढे उभ्या असलेल्या मैत्रिणीने 'वाचन, गाणी ऐकणे' असे लिहिले. तिच्या पुढचीनेही तेच लिहिले होते. मी थोडा विचार केला आणि 'मासे पाळणे' असे लिहून टाकले. अर्ज घेणाऱ्या सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "पाळणे की खाणे?" सगळे हसले. मीही हसले. कृष्णा-कोयनेच्या काठी कराडसारख्या गावात वाढलेली मुलगी मासे नुसते पाळते, यावर कोण विश्वास ठेवणार!

घरी जाताना मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. आपण जे करतो त्याला नक्की म्हणायचे तरी काय? मराठीत या एका गोष्टीसाठी किती शब्द आहेत! आवड, हौस, छंद, नाद, वेड, ध्यास. गेल्या चार वर्षांत या प्रत्येक पायरीवर मी कमीअधिक काळ उभी राहिले आहे, आणि एका पायरीवरून चांगली घसरलेही आहे. एवढ्या अनुभवानंतर 'हौसेला मोल नाही' ही आपली लाडकी म्हण मला पटेनाशी झाली आहे. हौसेला मोल असते. ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाला तरी मोजावे लागते, एवढेच. माझ्या बाबतीत ते माशांनी मोजले. हा लेख म्हणजे त्या हिशेबाची वही आहे, असे वाचकांनी समजावे.

आठवीत असताना, २०१८ साली, शाळेच्या सहलीबरोबर मी मुंबईला गेले होते. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले. १९५१ साली सुरू झालेले ते मत्स्यालय तीनच वर्षांपूर्वी, २०१५ मध्ये, नव्या रूपात पुन्हा उघडले होते. आम्ही दोन रांगांत, बाईंच्या 'पुढे चला, पुढे चला' या तालावर सगळे मत्स्यालय पंधरा मिनिटांत संपवले आणि बाहेर येऊन भेळ खाल्ली. त्या शेकडो माशांपैकी एकही मासा माझ्याबरोबर कराडला आला नाही. म्हणजे मनात म्हणते मी. पाहिले, 'किती छान!' म्हटले आणि विसरले.

जो मासा मनात शिरला तो फुकटचा होता. २०२१ च्या पावसाळ्यात आमच्या भागात डेंग्यूचे रुग्ण निघाले. आरोग्य खात्याची माणसे घरोघर पाण्याची भांडी तपासत आली. आमच्या मागल्या दारी सिमेंटचा जुना हौद आहे. त्यात डासांच्या अळ्या वळवळताना पाहून त्यांनी आईला चार शब्द सुनावले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून आठ गप्पी मासे हातावर ठेवले. सहा मासे हौदात गेले. दोन मी एका रिकाम्या बरणीत ठेवून अभ्यासाच्या टेबलावर मांडले. बारावीचे वर्ग मोबाइलवर चालू होते. समोर पाहायला काहीतरी हवे होते. कारण एवढेच.

या माशांना 'गप्पी' का म्हणतात याचे माझे स्वतःचे उत्तर ठरलेले होते : ते गप्प असतात म्हणून! पुढे कळले की हे एका माणसाचे आडनाव आहे. रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थांनी त्रिनिदाद बेटावरून पाठवलेले नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोचले आणि १८६६ साली त्यांचे नाव या माशाला देण्यात आले. कुठे त्रिनिदाद, कुठे कराडातला आमचा हौद! पण हे सगळे नंतरचे. त्या वेळी मला एवढेच दिसले, की एका सकाळी बरणीत दोनाचे सोळा झाले आहेत. गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्ले देते, हे मला ठाऊक नव्हते. काजळाच्या बारीक रेघेएवढी ती चौदा पिल्ले मी तीनतीनदा मोजली. संध्याकाळी पुन्हा मोजली तर नऊच भरली.

पाच पिल्ले गेली कुठे? बरणीला झाकण होते. मांजर आले नव्हते. मी टेबलाखाली पाहिले, फरशी पाहिली. अखेर रात्री विजेरीच्या उजेडात उत्तर मिळाले. आईच पिल्ले गिळत होती. मला त्या रात्री जेवण गेले नाही. पण दुसऱ्या दिवशी मी बरणीत पाणवनस्पतीचा एक झुपका आणून टाकला आणि उरलेली पिल्ले त्यात लपली. माझे मत विचाराल तर आवड आणि छंद यांच्यातली सीमा ही अशी असते. पाहून 'छान' वाटते तोवर आवड. 'असे का?' हा प्रश्न पडला, आणि त्याच्या उत्तरासाठी हात हलवावासा वाटला, की छंद सुरू झाला.

बारावीचा निकाल लागला तेव्हा मामाने विचारले, "काय घेऊ तुला?" मी काचेची टाकी मागितली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. पाणी मावते साधारण पन्नास लिटर. दुकानात एकाच दिवशी टाकी, रंगीत खडे, हवेचा पंप, फिल्टर आणि बारा मासे घेतले : दोन गोल्डफिश, चार मोली, चार टेट्रा, एक फायटर आणि 'काच साफ ठेवतो' म्हणून एक सकर. संध्याकाळपर्यंत सगळे पाण्यात. घरातले सगळे टीव्ही बंद करून टाकीसमोर बसले. आजी म्हणाली, "देवाघरचा दिवाणखाना वाटतोय."

तिसऱ्या आठवड्याअखेर बारांपैकी तीन उरले होते.

आधी मोली गेल्या. पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमिट करायच्या आणि सकाळी आडव्या. मी घाबरून सगळे पाणी ओतून दिले, खडे घासले, फिल्टरमधला स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला आणि टाकी नळाच्या ताज्या पाण्याने भरली. दोन दिवसांनी टेट्रा गेले. पुन्हा सगळे पाणी बदलले. दुकानात विचारले तर एक निळे औषध मिळाले आणि 'नवीन घेऊन जा, जोडीने टिकतात' असा सल्ला मिळाला. मी जितकी स्वच्छता करत होते तितके मासे मरत होते. आई म्हणाली, "तुझ्या हाताला यश नाही." एका वहीत मी प्रत्येक माशाची तारीख लिहू लागले. ती वही अजून माझ्याकडे आहे. तिच्या पहिल्या पानावर नऊ तारखा आहेत.

या कोड्याचा उलगडा केला आमच्या शेजारच्या, बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेल्या ताईने. ती टाकीपाशी आली, वास घेतला आणि विचारले, "हे जातात कुठे?" मला कळेना. ती म्हणाली, "अगं, मासे शौचाला जातात कुठे?" मग तिने मला जे समजावले ते मी इथे थोडक्यात लिहिते, कारण टाकी घेणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना ते कुणी सांगत नाही असा माझा अंदाज आहे.

मासा अमोनिया बाहेर टाकतो, तोही मुख्यतः कल्ल्यांतून. उरलेले अन्न कुजूनही अमोनियाच होतो. तो माशाला विषारी. नदीत तो वाहून जातो, पातळ होतो; पन्नास लिटरच्या काचपेटीत तो जाईल कुठे? त्याची विल्हेवाट लावतात जिवाणू. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे मासे बऱ्याच प्रमाणात सोसतात आणि वनस्पती खत म्हणून वापरतात. हे जिवाणू खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात, आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी पहिल्याच दिवशी बारा मासे सोडले, तेव्हा टाकीत झाडूवाला एकही नव्हता. पुढे जे थोडे वसले ते मी दर वेळी स्पंज धुऊन आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मारून टाकले. माझ्या हाताला यश होते की नाही ठाऊक नाही; हाताला स्वच्छतेची घाई मात्र फार होती. ताईने आणलेले चाचणीचे थेंब पाण्याच्या नमुन्यात टाकले तेव्हा जो रंग पिवळा राहायला हवा तो गडद हिरवा झाला. नऊ माशांचा मारेकरी त्या नळीत दिसत होता, आणि त्याला मीच घरात ठेवले होते.

त्या दिवसापासून माझे पाहणे बदलले. त्याआधी टाकीजवळ गेले की मी मासे पाहायची. आता पाणी पाहू लागले. नळाचे पाणी उघड्या बादलीत रात्रभर ठेवून मगच ओतायचे. आठवड्याला चौथा हिस्साच बदलायचा. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात. महिन्यात तो रंग पिवळा झाला आणि पुढचे सहा महिने वहीत एकही तारीख पडली नाही. परीक्षेत पहिला वर्ग मिळाल्यावर झाला नव्हता एवढा आनंद मला त्या पिवळ्या रंगाने दिला. दहावीनंतर 'सुटले बाई एकदाची' म्हणून सायन्सला रामराम ठोकणारी मी, जिवाणूंवरची पुस्तके शोधत ग्रंथालयात फिरू लागले. विषयांच्या भिंती अभ्यासक्रमात असतात. कुतूहलाला त्या दिसत नाहीत, हे मी आमच्या प्राध्यापकांना नम्रपणे सांगू इच्छिते.

इथपर्यंतची कथा गोड आहे. पुढची तशी नाही.

छंद साधला की माणसाला वाटते, आता आपल्याला सगळे येते. दुसऱ्या वर्षाला असताना माझ्याकडे एकाच्या तीन आणि तीनाच्या सात टाक्या झाल्या. एकीत गप्पी, एकीत फायटरची जोडी, एकीत गोल्डफिश, एकीत नुसत्या वनस्पती. आजीचा देवघरालगतचा कोपरा मी घेतला. संदर्भग्रंथांसाठी म्हणून वडिलांकडून नऊशे रुपये घेतले आणि त्यांचा हीटर आणला. हे लिहिताना आजही लाज वाटते. वडिलांना ते कळले. ते रागावले नाहीत, ओळीने मांडलेल्या टाक्यांकडे पाहत एवढेच म्हणाले, "तू मासे पाळतेस, की माशांनी तुला पाळलंय?" सरांच्या प्रश्नावर हसले होते. या प्रश्नावर हसता आले नाही. आमच्या भागात 'नाद खुळा' हे कौतुकाने म्हणतात, पण नादात खुळेपणा खरोखरच असतो. छंदाला 'असे का?' हा प्रश्न पडतो. नादाला फक्त 'आणखी एक' एवढेच सुचते.

२०२४ च्या मे महिन्यात एका रात्री वळिवाचा पाऊस आला आणि लाइट गेली, ती पहाटेपर्यंत आली नाही. हवेचे पंप बंद, फिल्टर बंद. सात टाक्या आणि मी एकटी. मग घेऊन एकेका टाकीतले पाणी उचलायचे आणि वरून धार धरून ओतायचे, म्हणजे थोडी हवा मिसळते. एका टाकीशी असले की सहा टाक्या तशाच. शेवटी ठरवावे लागले, कुणाला वाचवायचे. फायटरची काळजी नव्हती. त्याला कल्ल्यांखेरीज एक वेगळे इंद्रिय असते, तो पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेतो. गप्पी तग धरतील अशी आशा होती. गोल्डफिश मात्र धापा टाकत होते. आजी मेणबत्ती धरून बसली. तीनच्या सुमारास ती म्हणाली, "जेवढी लेकरं सांभाळता येतील तेवढीच करावीत गं." सकाळी वहीत चार तारखा पडल्या.

त्यानंतर उरला होता सकर. पहिल्या बारांपैकी जे तीन वाचले, त्यातला तो एक. आणला तेव्हा दोन बोटांएवढा होता. 'काच साफ ठेवतो' हे दुकानातले वाक्य त्याच्या बालपणापुरतेच खरे होते. मोठेपणी हा दक्षिण अमेरिकेतला मासा फुटाहून अधिक वाढतो, आणि टाकीत सर्वांत जास्त घाण करणारा तोच ठरतो. माझी टाकी रुंदीला एक फूट. दोन वर्षांनी त्याला वळताना शेपटी दुमडावी लागू लागली. दुकानात परत घेईनात. ओळखीचे कुणी घेईना. आजीने मार्ग सुचवला : "प्रीतिसंगमावर नेऊन सोड. मुक्या जिवाला मोकळं केल्याचं पुण्य लागेल." मलाही ते पटले. खरे सांगायचे तर सुटका माशाची नव्हे, माझी होणार होती. पुण्य हा शब्द त्यावर छान शोभत होता.

सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी मी बादली घेऊन घाटावर गेले. पायऱ्यांवर एक म्हातारे भोई जाळे नीट करत बसले होते. त्यांनी बादलीत डोकावून पाहिले. खडबडीत, काळपट, काटेरी परांचा तो मासा त्यांनी बोटाने टोचला.

"हे काय गं पोरी?"

"सकर आहे, काका. घरी मोठा झाला म्हणून सोडायला आणलाय."

"खात्यात का ह्याला?"

"नाही."

"मग नदीत कशापायी सोडतीस? जागा ह्यानं खायाची आनि पोट आमचं जाळायचं?"

मी काही बोलू शकले नाही. त्यांनी जाळ्यातली एक गाठ मारली आणि पुन्हा म्हणाले, "तुझ्या घरात मावंना म्हून नदीत. नदी काय तुझी मागली मोरी हाय?"

मी बादली उचलून परत आले. त्या काकांनी कोणते पुस्तक वाचले नव्हते. पण मी घरी येऊन जे वाचले ते त्यांच्या दोन वाक्यांपलीकडे गेले नाही. घरातून सोडलेले सकर आज कोलकात्याजवळच्या पाणथळीत, केरळात, आंध्रात स्थिरावले आहेत. ते काठात बिळे करतात, त्यांच्या काट्यांनी जाळी फाटतात, आणि त्यांना बाजारात भाव नाही. परका मासा एकदा पाण्यात गेला की परत बोलावता येत नाही, हे पाहायला फार लांब जायला नको. १९५२ साली मोझांबिकचा तिलापिया मत्स्यशेतीसाठी भारतात आणला गेला. आज उजनीच्या काठी 'चिलापी' हे नाव इतके घरगुती झाले आहे, की त्याचे कूळ आफ्रिकेतले असे सांगितले तर लोक हसतील. आणि माझ्या हौदातले गप्पी? डासांविरुद्ध ते हौदात उपयोगी आहेत. ओढ्यात सोडले तर तेही परकेच. एकच मासा दोन पाण्यांत दोन गोष्टी ठरतो.

या सुमाराला तिसऱ्या वर्षाच्या इंग्रजीच्या वाचनात माझ्या हाती एडमंड गॉस यांचे 'फादर अँड सन' हे १९०७ सालचे आत्मकथन आले. वर्गात त्याची चर्चा धर्मश्रद्धा आणि विज्ञान यांच्या झगड्यासाठी होते. मी मात्र एका वेगळ्याच ठिकाणी अडकले. लेखकाचे वडील फिलिप हेन्री गॉस हे समुद्रजीवांचे अभ्यासक. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली जे पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, त्याच्या उभारणीत त्यांचा हात होता. दुसऱ्याच वर्षी 'द अ‍ॅक्वेरियम' हे त्यांचे पुस्तक निघाले आणि घरोघर काचपेट्यांची लाट आली. काचेवरचा कर इंग्लंडात १८४५ सालीच उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. पुस्तक वाचून लोक बादल्या आणि जाळ्या घेऊन किनाऱ्यावर लोटले. आणि मुलगा लिहितो, की ज्या खडकांतल्या डबक्यांची वर्णने वडिलांनी इतक्या प्रेमाने केली होती, ती डबकी त्याच वाचकांनी ओरबाडून रिकामी केली. आणि ज्यांच्या पुस्तकांमुळे हे घडले त्या वडिलांना त्याचे अतोनात दुःख झाले.

दीडशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आपल्या सह्याद्रीतही घडली आहे. केरळच्या डोंगरी नद्यांत एक देखणा मासा आहे : रुपेरी अंग, त्यावर काळा पट्टा आणि वर लालभडक रेघ. फ्रान्सिस डे यांनी १८६५ साली त्याची शास्त्रीय नोंद केली आणि त्याला मद्रासचे तेव्हाचे गव्हर्नर डेनिसन यांचे नाव दिले. शंभरएक वर्षे तो आपल्या ओढ्यांत सुखाने राहिला. १९९० च्या दशकात परदेशी टाक्यांतून त्याला मागणी आली आणि नद्यांतून तो इतका उपसला गेला, की आज त्याची गणना धोक्यात आलेल्या जातींत होते. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या कुळाला नवे नाव दिले : 'सह्याद्रिया'. नाव देणाऱ्यांत पुण्यातले संशोधक नीलेश डहाणूकर होते. आपल्या डोंगराचे नाव लावणारा हा मासा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नाही, पण जगभरच्या दिवाणखान्यांत तो पोचला आहे. आता टाक्यांतही त्याची पैदास होते, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

मला हा मासा फार हवा होता. पैसेही साठवले होते. एका दुकानात सहा दिसले. मी विचारले, "हे पैदाशीचे की नदीतून धरलेले?" दुकानदार प्रामाणिक होता. म्हणाला, "ते कोण सांगणार?" मी त्या दिवशी रिकाम्या हाताने परतले. मोठा त्याग केला असे मला म्हणायचे नाही. बसमध्ये बसल्यावरही मन मागे ओढतच होते. पण नादातून पुढच्या पायरीवर पाय पडला असेल तर तो त्या बसमध्ये.

कुणी विचारील, एवढे सगळे कळल्यावर मासे पाळायचेच कशाला? काचेत कोंडणे हेच मुळात चूक नाही का? या प्रश्नाला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. नदीतला मासा माझ्या टाकीत सुखी आहे असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण एवढे सांगते : ती बरणी टेबलावर नसती, तर त्या भोईकाकांच्या बोलण्याचा अर्थ मला लागला नसता. रोज घाटावरून जाताना मला पाणी दिसायचे, त्यात काय चालले आहे ते दिसत नव्हते. आज गणपतीनंतर नदीवर फेस दिसला, की माझ्या डोळ्यांसमोर ती हिरवी झालेली नळी येते. एका टाकीने हे शिकवले. सात टाक्यांनी ते विसरायला लावले होते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. मित्रमैत्रिणींनो, कुणाच्या वाढदिवसाला काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश भेट देऊ नका. तो हातभर न का होईना, वीतभर तरी सहज वाढणारा आणि चांगली वीस वर्षेही जगू शकणारा प्राणी आहे. त्या भांड्यात तो वीस दिवसही काढत नाही. परवा एका लग्नात प्रत्येक टेबलावर शोभेसाठी पेल्यात एकेक फायटर ठेवला होता. पंगत उठल्यावर ते पेले खरकट्याच्या पिंपाशेजारी ओळीने उभे होते. दोन मी घरी आणले. बाकीच्यांचे काय झाले असेल ते लिहायला नको. मासा ओरडत नाही, हा त्याचा गुन्हा ठरला आहे. घ्यायचेच असतील तर आधी पाणी तयार करा, महिनाभर थांबा, मोठेपणी तो केवढा होतो ते विचारा. हे थांबणे ज्याला जमले त्याचाच छंद. आणि नको झाला तर नदीत सोडू नका. पुण्याच्या नावाखाली आपली अडचण दुसऱ्याच्या दारात टाकणे आपल्याला फार सोपे जाते, ते माशांच्याच बाबतीत नव्हे.

सकरचे काय झाले, हे वाचकांच्या मनात असेल. मी सातपैकी सहा टाक्या विकल्या. आलेल्या पैशांत थोडी भर घालून दिवाळीत एक जुनी मोठी टाकी घेतली : चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, पाणी अडीचशे लिटर. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन अडीचशे किलो. घरातले एकही टेबल ते पेलणार नव्हते. मी विचारात पडले होते. एके दिवशी कॉलेजातून आले तर ओसरीत लोखंडी चौकट उभी. वडिलांनी वेल्डरकडून करून आणली होती. त्या नऊशे रुपयांचा विषय त्यांनी त्यानंतर कधी काढला नाही. मी मात्र वहीच्या शेवटच्या पानावर ते देणे लिहून ठेवले आहे.

आता त्या टाकीत सकर ऐसपैस वळतो. जोडीला एक गोल्डफिश, उरलेल्या तिघांपैकीच. नवीन मासा गेल्या पाच महिन्यांत एकही घेतलेला नाही. रविवारी पाणी बदलते, ते बागेतल्या जास्वंदीला घालते. आजी तिच्या कोपऱ्यात परत बसली आहे.

यंदा शिबिराच्या वेळी पुन्हा तोच अर्ज भरायचा होता. 'छंद' या रकान्याशी पेन थांबले. नेहमीचे दोन शब्द लिहिले असते तर सरांनी पुन्हा तोच विनोद केला असता, आणि तो मला आवडतोही. पण मी या वेळी 'पाणी सांभाळणे' असे लिहिले. सरांनी चष्म्यावरून पाहिले. या वेळी त्यांनी काही विचारले नाही; नुसते "बरं" म्हणाले आणि अर्ज ठेवून घेतला.